गाडी पायथ्याशीच थांबू द्या

नाशिकच्या कुठल्याही ट्रॅव्हल्सवाल्याला विचारा, त्र्यंबकचा दिवस तो तुम्हाला तासांच्या हिशेबात मांडून देईल. पहाटे निघायचं. दर्शनाच्या रांगेला तीन-चार तास धरायचे, घाई असेल तर दोनशे रुपयांचं देणगी दर्शन. कुशावर्त कुंडावर पाय धुवायचे, जेवायचं, परतताना अंजनेरीचा डोंगर गाडीतूनच दाखवायचा, मग सोमेश्वर, पंचवटी आणि उजेड उरलाच तर पांडवलेणी. काही पॅकेजांत त्याच दिवसात शिर्डी आणि शनिशिंगणापूरसुद्धा कोंबलेलं असतं. या हिशेबात गंगाद्वार, म्हणजे ब्रह्मगिरी डोंगरावरचं गोदावरीच्या उगमाचं ठिकाण, काही केल्या बसत नाही. साडेसातशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या, थोडं टेकायचं, उतरायचं, यात दोन तास जातात. ब्रह्मगिरीला तर अर्धा दिवस. मग ड्रायव्हर काच खाली करून डोंगराकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "वर काही नाही साहेब, नुसतं चढायचं."

ड्रायव्हरला बोल लावण्यात अर्थ नाही, त्याला रात्री गाडी परत लावायची असते. पण अलीकडे सरकारी आराखडेही त्याच्याच घड्याळावर चालायला लागले आहेत. डोंगर दिवसभराच्या सहलीत बसत नाही ना, मग डोंगरावर रस्ता काढा, नाहीतर दोरखंड बांधून पाळणे सोडा. मुळेगावाकडून अंजनेरीवर मोटाररस्ता नेण्याचा घाट घातला गेला, 2021 च्या सुमारास त्याला मोठा विरोध झाला. मग डोंगराळ भागात रोपवे उभारण्याच्या केंद्राच्या पर्वतमाला योजनेत अंजनेरी ते ब्रह्मगिरी असा साडेपाच किलोमीटरहून लांब रोपवे आला, त्यावरही हरकती झाल्या. यातलं काय कधी प्रत्यक्षात येईल ते येवो, पण कल्पना काही मरत नाही. तोंडावर सिंहस्थ कुंभमेळा आहे, येत्या 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण आणि 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मुख्य स्नानं, त्यामुळे निधीही आहे आणि घाईही. अशा वेळी मला एवढंच म्हणायचं आहे की या डोंगरांवर चाक चढू नये. गाडी पायथ्याशी थांबावी, आणि जो काही पैसा खर्च करायचा तो पायथ्याशीच व्हावा.

"वर काही नाही" हे आधी तपासून घेऊ.

ब्रह्मगिरी सुमारे तेराशे मीटर उंच. त्याच्या माथ्यावर पडणारं पावसाचं पाणी दोन समुद्रांकडे वाटलं जातं. पूर्वेकडचं गोदावरी होऊन 1,465 किलोमीटरांचा प्रवास करत आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतं. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत जेमतेम ऐंशी किलोमीटर, तरी ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवते. पश्चिमेकडची वैतरणा मात्र याच डोंगररांगेतून निघून त्या समुद्राकडे धावते. ऊर्ध्व वैतरणा धरणात अडलेलं तिचं पाणी मुंबईच्या नळाला येतं. म्हणजे दादरच्या बिल्डिंगीतला माणूस आणि राजमहेंद्रीचा शेतकरी या दोघांच्या पाण्याचा डोंगर एकच. हे सगळं कशावर चालतं, तर कातळावरच्या वीत-दीड वीत मातीवर, तिच्यावरच्या गवता-झुडपांवर आणि कड्यांतल्या भेगांवर. पाऊस तिथे मुरतो आणि खाली झऱ्यांना येतो. गंगाद्वाराच्या गोमुखासमोर मे महिन्यात उभं राहून बघा. धार वगैरे काही नसते. कातळातून एकेक थेंब सुटतो, खाली टाकीत पडतो, आणि हातात तांब्याची लोटी घेतलेली माणसं ती भरायची वाट बघत उभी असतात. शेजारी एखादं माकड कुणाच्या पिशवीतल्या नारळावर डोळा ठेवून बसलेलं असतं. ज्या नदीला आपण दक्षिणगंगा म्हणतो तिची उन्हाळ्यातली ऐपत तिच्या उगमापाशी एवढीच आहे. वर मातीचा एक थर खरवडला गेला तर हे थेंबही बंद होतील, याला फार मोठं शास्त्र लागत नाही.

2021 मध्ये याच परिसरात डोंगर पोखरून सपाटीकरण चालल्याच्या बातम्या आल्या, सुरुंगांची चर्चा झाली, नाशिककर रस्त्यावर आले. उगमापाशी घर हवं, असं वाटणारा ग्राहक आहे म्हणून प्लॉट पडतात. वर रस्ता गेला की प्लॉटही वर जातील. हा माझा अंदाज नाही, महाराष्ट्रातल्या कितीतरी थंड हवेच्या ठिकाणांचा इतिहास आहे.

आता अंजनेरी. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून इथे श्रद्धा आहे. कर्नाटकातल्या लोकांचा हा मान किष्किंधेचा म्हणून दावा आहे, तो वाद त्यांना आणि महंतांना लखलाभ. माझ्या दृष्टीने अंजनेरीच्या पठारावर एक गोष्ट अशी आहे की तिच्याबद्दल कुणाला वाद घालता येणार नाही. कंदीलपुष्पाच्या कुळातली एक जात याच डोंगरावर सापडली, 2006 मध्ये तिची शास्त्रीय नोंद झाली आणि तिच्या नावातच अंजनेरी आहे. ही छोटी रोपं पावसाळ्यात थोडे दिवस फुलतात, बाकीचे महिने कंद होऊन मातीत पडून असतात. ज्या काळात डोंगर 'रिकामा' दिसतो आणि कंत्राटदाराला कामाला सोयीचा वाटतो, नेमका तोच काळ. कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. महाराष्ट्रात गिधाड दिसणं किती दुर्मीळ झालंय ते वेगळं सांगायला नको. म्हणून 2017 मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. एका सरकारी खात्याने जी जागा राखली तिच्यावरून दुसऱ्या खात्याने तारा ओढायच्या, आणि गिधाडांनी काय, त्या तारांना चुकवत उडायला शिकायचं?

पण निसर्गाची बाजू मांडली की लगेच उत्तर येतं, तुम्हाला पाखरांची पडली आहे, भाविकांची नाही. म्हणून श्रद्धेच्या बाजूनेच बोलू. ती बाजू तर माझ्या म्हणण्याला जास्तच बळ देते.

गौतम ऋषींची कथा त्र्यंबकच्या प्रत्येक उपाध्यायाकडून ऐकायला मिळते. गोहत्येचं पातक फेडायला गौतमांनी तप केलं, शंकरांनी ब्रह्मगिरीवर जटा आपटल्या आणि गंगा अवतरली. पण ती थांबेना. ब्रह्मगिरीवर दिसायची, गंगाद्वारी दिसायची, पुन्हा गुप्त व्हायची. शेवटी गौतमांनी डोंगराखाली दर्भाने तिला वेढा घातला आणि अडवलं, तेच कुशावर्त. सिंहस्थाचं शाही स्नान, हल्ली ज्याला अमृतस्नान म्हणतात, ते कुठे होतं? डोंगरमाथ्यावर नाही, या कुंडावर. म्हणजे ज्याला चढता येत नाही त्याची सोय परंपरेने आधीच करून ठेवली आहे. म्हाताऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, कडेवर मूल असलेल्या बाईसाठी तीर्थ स्वतःच खाली आलं आहे. कुशावर्तावर केलेलं स्नान अर्धं आणि उगमावर केलेलं पूर्ण, असं कुठलाही शास्त्री सांगत नाही.

दुसरी कथा वारकऱ्यांना पाठ असते. विठ्ठलपंत मुलांना घेऊन ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला गेले, रात्रीच्या अंधारात वाघ आडवा आला, पळापळ झाली, आणि निवृत्ती एकटाच वाट चुकून एका गुहेत शिरला. तिथे गहिनीनाथ बसलेले होते. त्यांनी निवृत्तीला उपदेश केला, निवृत्तींनी ज्ञानदेवांना, आणि तिथून पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे. या कथेत जंगल, अंधार, वाघ आणि वाट चुकणं यातलं काहीही काढून टाका, कथा उभी राहत नाही. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या समाधीपुढे लाखभर वारकरी टाळ कुटतात, ते काही एखाद्या 'व्ह्यू पॉइंट'च्या प्रेमाने येत नाहीत.

म्हाताऱ्या माणसांचा मुद्दा मात्र एका कथेने उडवून लावण्यासारखा नाही, हे मान्य. सत्तरीच्या आईला आयुष्यात एकदा गंगाद्वार बघावंसं वाटलं तर तिला "तुमच्यासाठी कुशावर्त आहे" म्हणून वाटेला लावणं बरं दिसत नाही. तिच्यासाठी डोलीची नीट सोय करा. दरपत्रक ठळक लावा, उचलणाऱ्यांना विमा द्या, वाटेवर बसायला ओटे, कठडे आणि प्यायचं पाणी द्या. 1908 च्या सुमारास कराचीच्या शेठजींनी पदरचे पैसे घालून ब्रह्मगिरीच्या वाटेवर दगडी पायऱ्या बांधल्या, त्या शंभर वर्षं पुरल्या आणि डोंगराचं काही बिघडलं नाही. पायरी ही सोयच आहे. सोयीला माझा विरोध नाही.

वणीच्या सप्तशृंगगडावर 2018 पासून ट्रॉली आहे, तिलाही मी नावं ठेवणार नाही. तिथे गडावर आधीपासूनच गाव आहे, डांबरी रस्ता आहे, दुकानं आहेत. ट्रॉलीने फक्त शेवटच्या पाचशे पायऱ्या वाचतात आणि नवं जंगल मोडत नाही. अंजनेरीच्या पठारावर असं काय आहे? अंजनीमातेचं मंदिर, वाटेतली लेणी, एक तळं, आणि मोकळं गवत. तिथे तासाला शेकडो माणसं उतरवली की त्यांना लगेच उपाहारगृह लागेल, स्वच्छतागृह लागेल, त्याला पाणी लागेल, सेल्फीसाठी कठडा लागेल. रोपवेचा खांब कितीशी जागा खातो, असं विचारणारे हे पुढचं सांगत नाहीत.

आणि गर्दी आपोआप वाटली जाईल, हाही भ्रमच. त्र्यंबकच्या आसपास गेल्या काही वर्षांत काय झालं ते डोळ्यांसमोर आहे. हरिहर गडाच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्यांचा व्हिडिओ मोबाईलवर फिरला आणि त्या अरुंद पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे अडकून पडायला लागले. पहिन्याच्या रस्त्यावर पावसाळ्यातल्या रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात, भात लावणीला निघालेली बाई डोक्यावर रोपांची जुडी घेऊन त्या गाड्यांमधून वाट काढते. दुगारवाडीच्या धबधब्यात ऑगस्ट 2022 मध्ये अचानक पाणी वाढलं, वीसेक माणसं पलीकडे अडकली, एक जण वाहून गेला. प्रत्येक वेळी उपाय काय, तर तात्पुरती बंदी, चार दिवस पोलिस आणि पुढच्या शनिवारी जैसे थे. ही सगळी माणसं वाईट नसतात. त्यांना सांगितलेलं असतं की हे एक ठिकाण आहे, इथे गाडी जाते, फोटो चांगला येतो, तासाभरात उरकतं. 'उरकतं' म्हटलं की तिथे पाऊस किती झाला, नदी कुठून येते, शेत कुणाचं आहे हे विचारायला वेळच राहत नाही.

याउलट श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची फेरी बघा. ब्रह्मगिरीला वळसा घालून सुमारे वीस किलोमीटर, लाखोंनी माणसं, त्यातली कितीतरी अनवाणी, रात्रीपासून चालत असतात. ती गर्दी काही कमी नसते. कचराही होतो, फराळाच्या द्रोणांचा आणि पाण्याच्या बाटल्यांचा खच पडतो, त्याची भलामण करायचं कारण नाही. पण ही गर्दी डोंगराला डोंगर म्हणून ओळखते. तिला भिजायचं असतं, चिखलात घसरायचं असतं, सापगावच्या पुढे कुणाच्या तरी ओट्यावर बसून चहा प्यायचा असतो. आणि प्रशासनाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे त्या दिवशी खासगी गाड्या गावात येत नाहीत. त्या बाहेर थांबवल्या जातात आणि एसटी माणसं ने-आण करते. 2015 च्या सिंहस्थात याच पद्धतीने गाव सांभाळलं गेलं. 2003 च्या सिंहस्थात नाशिकच्या चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली, त्यातून शिकलेलं हे शहाणपण. मग जे श्रावणातल्या एका सोमवारी आणि बारा वर्षांतून एकदा जमतं ते दर शनिवारी-रविवारी का जमू नये?

माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी मोटार जात नाही. तरी माथेरान ओस पडलेलं नाही, हॉटेलं चालतात, घोडेवाले चालतात. कास पठारावर जागतिक वारसा झाल्यानंतर फुलांच्या हंगामात रोजची संख्या ठरवली, ऑनलाइन नोंदणी ठेवली, गाड्या दूर लावून बसने लोक नेले, आणि आसपासच्या गावांच्या समित्यांकडे बरंचसं काम दिलं. तिथेही कुरबुरी आहेत, सगळं आलबेल नाही. पण पठार अजून आहे. अंजनेरीला अशी नोंदणी आणि मर्यादा घालायला कुठला नवा कायदा लागतो? राखीव क्षेत्राचा दर्जा हातात आहेच.

व्यापाऱ्यांची तक्रार असेल की गाड्या अडवल्या की धंदा बसेल. मला उलटं वाटतं. दिवसात येऊन जाणारा माणूस त्र्यंबकला काय देतो? वाहनतळाची पावती, फुलांची परडी, एक थाळी. त्याचा खरा खर्च शिर्डीत किंवा नाशिकच्या हॉटेलात होतो. नारायण नागबळीला आलेली कुटुंबं मात्र तीन दिवस राहतात, आणि त्यांच्या जोरावर गावातल्या खोल्या, खानावळी, भांड्यांची दुकानं चालतात. विधी सकाळी उरकतो, दुपार रिकामी असते, त्या दुपारी ती निवृत्तिनाथांच्या समाधीला जातात, गंगाद्वार चढतात, वाटेत मीठ-तिखट लावलेली काकडी आणि लिंबू सरबत घेतात. पायऱ्यांच्या कडेला टोपली घेऊन बसणारी बाई जवळच्या पाड्यातली असते. पाळणा डोक्यावरून गेला की तिची काकडी कोण घेणार? रोपवेच्या तिकीट खिडकीमागे तिला नोकरी मिळेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी अशा प्रकल्पांत आजवर कुणाला नोकऱ्या मिळाल्या ते बघून यावं. तीर्थाच्या गावात माणूस एक रात्र राहावा, ही मागणी गुरुजींची, हॉटेलवाल्यांची आणि निसर्गप्रेमींची एकत्र असायला हवी. हे तिघे एका मंचावर कधी येतील ते त्र्यंबकराजालाच ठाऊक.

पायथ्याशी करण्यासारखं इतकं पडलं आहे की वर जायची गरजच नाही. गावातून वाहणाऱ्या गोदावरीचा मोठा भाग काँक्रीटच्या स्लॅबखाली आहे. हजार मैलांवरून उगमाची नदी बघायला आलेला माणूस तिच्या डोक्यावरून चालत जातो आणि त्याला पत्ताही नसतो. कुशावर्तातून बाहेर पडली की काही पावलांत तिच्यात सांडपाणी मिसळतं. पुढे नाशिकला रामकुंडावर तीच नदी पुन्हा तीर्थ म्हणून भेटते, आणि तिथल्या तपोवनातली झाडं साधुग्रामासाठी, म्हणजे सिंहस्थातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, तोडायची की नाही यावरून 2025 च्या अखेरीस शहर पेटून उठलं. हा राग योग्यच होता. पण उगमाकडच्या डोंगरासाठी एवढं शहर उतरलं तरच त्या झाडांच्या मुळांना पुढे पाणी मिळेल.

आणि ब्रह्मगिरीच्या अंगाखांद्यावर मेटघर किल्ला नावाचं गाव आहे, वस्त्या-वस्त्यांनी विखुरलेलं. पावसाळ्यात या तालुक्यात दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तोच मार्च-एप्रिल उजाडला की तिथल्या बाया आटलेल्या विहिरीच्या कठड्यावरून आत उतरतात, तळाशी साचलेलं पाणी वाटीने हंड्यात भरतात आणि तो हंडा डोक्यावर घेऊन कडा चढतात. गोदावरीच्या उगमाच्या गावात, तिच्याच डोंगरावर. या बायांना वर जायला रस्ता नको आहे असं मी म्हणत नाही. दवाखान्यापर्यंतची, शाळेपर्यंतची वाट त्यांना हवीच, आणि गावाची वाट म्हणजे पर्यटकांचा मोटाररस्ता नव्हे. पण गेली कित्येक वर्षं आराखडे निघतात ते खालून वर माणसं नेण्याचे. वरचं पाणी वरच्या वस्तीला मिळावं यासाठी बंधारे, टाक्या, झऱ्यांची डागडुजी, चराईची आखणी यांची कामं एखाद-दुसऱ्या संस्थेच्या उत्साहावर सोडलेली असतात.

सिंहस्थाच्या कामांच्या याद्या नाशिकच्या वर्तमानपत्रांत रोज छापून येत आहेत, रस्ते, पूल, वाहनतळ, घाट. कुंभमेळा प्राधिकरणाने ब्रह्मगिरी-अंजनेरीचं एकही काम हातात घेण्याआधी त्या यादीत मेटघर किल्ल्याच्या पाण्यासाठी किती रुपये धरले आहेत ते जाहीर करावं, आणि येत्या एप्रिलच्या आत त्या विहिरींवर काम सुरू करावं.